जिद्द : एका शब्दाचा अर्थ आणि त्याचा उपयोग

जयंतीची सभा असो, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचे व्याख्यान असो की दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांचा गुणगौरव समारंभ असो, आपल्याकडे एक शब्द हमखास कानी पडतो. तो शब्द म्हणजे जिद्द. वक्ता कोणीही असला तरी भाषणाच्या शेवटी तो मुलांना जिद्द बाळगण्यास सांगतो आणि मुले टाळ्या वाजवतात. ज्या शब्दाचा इतका वापर होतो, त्याच्यापाशी थांबून त्याचा अर्थ पाहण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. आपल्या विद्यालयाच्या या स्मरणिकेत आम्ही तेवढेच काम करण्याचे योजिले आहे. कारण हा शब्द आपल्या मुलांच्या वाट्याला कधी कौतुक म्हणून येतो, तर कधी ठपका म्हणून.

भिवंडीत राहणाऱ्याला या शब्दाची दोन रूपे वेगळी सांगावी लागत नाहीत. हे यंत्रमागाचे शहर. येथे मराठीच्या जोडीने उर्दू, हिंदी आणि तेलुगू रोज कानावर पडतात. एकाच गल्लीत एक आई आपल्या मुलाला "ज़िद मत कर" असे दटावते आणि पलीकडच्या खोलीत दुसरी आई "जरा जिद्द धर" असे बजावते. मूळ शब्द एकच, पण एका भाषेत तो सोडण्याचा दोष आहे आणि दुसरीत धरण्याचा गुण. अलीकडे हिंदीतही तो कौतुकाने वापरला जाऊ लागला आहे हे खरे. तरीही हिंदी-उर्दूतला 'ज़िद्दी बच्चा' आणि मराठीतला 'जिद्दी मुलगा' ही अजून दोन वेगळी मुलेच आहेत.

हा शब्द मूळचा अरबी. अरबीत त्याचा अर्थ विरुद्ध, उलट, प्रतिपक्ष असा आहे. फारसीच्या वाटेने तो आपल्याकडे आला. विरुद्ध उभे राहणे या अर्थातून हिंदी-उर्दूने अडून बसणे एवढेच प्रामुख्याने उचलले. मराठीने त्याला आणखी पुढे नेले आणि अडचणीपुढे न वाकण्याचा गुण असे त्याचे रूप केले. भाषा बदलली की शब्दाचा स्वभाव बदलतो, याची उदाहरणे आपल्या परिचयाची आहेत. हिंदीतील 'शिक्षा' म्हणजे शिक्षण, तर मराठीत ती छडी होऊन येते. पाली वाचणाऱ्याला 'राग' म्हणजे आसक्ती, मराठी माणसाला मात्र तो संताप. वंदना म्हणताना आपली मुले या दोन अर्थांत हमखास अडखळतात, आणि तसे अडखळणे चांगलेच आहे, कारण त्यातूनच प्रश्न विचारले जातात.

तेव्हा जिद्द या शब्दाच्या मुळाशी 'विरुद्ध' हा भाव आहे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. 'जिद्दीला पेटला' असे आपण म्हणतो, तेव्हा त्या वाक्यात न दिसणारा एक प्रतिपक्ष उभा असतो. कोणीतरी नाही म्हटलेले असते, कोणीतरी हसलेले असते, कोठेतरी दार लावून घेतलेले असते. ज्याच्या वाटेत कोणी उभेच राहिले नाही, त्याच्या परिश्रमाला आपण चिकाटी म्हणू, उद्योगीपणा म्हणू, पण जिद्द हा शब्द सहसा ओठांवर येत नाही. आपल्या समाजाला हा शब्द इतका जवळचा का वाटतो, त्याचे उत्तर यातच आहे.

मराठीत या शब्दाचे भाऊबंद पुष्कळ आहेत : हट्ट, हेका, दुराग्रह, अट्टहास, चिकाटी, ध्यास, निष्ठा. अट्टहासाची गंमत अशी की, संस्कृतात तो मोठ्याने केलेले हास्य आहे आणि मराठीत मात्र हसू पार निघून जाऊन नुसता आग्रह उरला आहे. या सर्वांतील भेद व्याख्येपेक्षा क्रियापदांवरून अधिक स्पष्ट होतो. हट्ट केला जातो आणि तो दुसऱ्या कोणी पुरवावा लागतो. मूल खेळण्यासाठी हट्ट करते, बाप तो पुरवतो किंवा पुरवत नाही. जिद्द मात्र कोणी पुरवत नाही. ती धरावी लागते, बाळगावी लागते. हेका चालवला जातो, तोही इतरांवर. ध्यास लागतो किंवा घेतला जातो. निष्ठा ठेवली जाते, आणि ती कोणावर तरी किंवा कशावर तरी असावी लागते. जिद्दीला असा विषय असलाच पाहिजे असे नाही, आणि तिचा धोकाही तेथेच आहे. निष्ठेवाचूनची जिद्द केवळ विरोधासाठी विरोध होऊन बसते, आणि तेव्हा ती व तिचा हिंदी भाऊ यांत फरक राहत नाही.

आता धम्माच्या परिभाषेकडे वळू. पालीत या एका मराठी शब्दाच्या जागी निरनिराळे शब्द आहेत आणि त्यांची सरमिसळ केलेली नाही. दहा पारमितांत 'विरिय' आणि 'अधिट्ठान' या दोन वेगळ्या गणल्या आहेत. विरिय म्हणजे वीराचा उत्साह, सतत केलेला प्रयत्न. अधिट्ठान म्हणजे निश्चयाने उभे राहणे. निष्ठा आणि अधिष्ठान या दोन्ही शब्दांत 'स्था' हा एकच धातू आहे. मराठीत अधिष्ठान म्हणजे पाया, बैठक, आणि तो अर्थ येथेही लागू पडतो. याउलट चिकटून बसण्याला 'उपादान' म्हटले आहे आणि त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी एक म्हणजे आपल्या मताला चिकटणे आणि दुसरा म्हणजे व्रत-कर्मकांडाला चिकटणे. म्हणजे सोडायचे नाही अशी वृत्ती हा स्वतःहून गुणही नाही आणि दोषही नाही. काय धरले आहे आणि कशासाठी, यावर ते ठरते.

तथागतांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षे कठोर देहदंडन केले. शरीराचा सापळा झाला, पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाती लागावा अशी अवस्था झाली. जिद्द शब्दाच्या लौकिक अर्थाने पाहिले तर याहून मोठी जिद्द कोणती? आणि तरीही, या मार्गाने ज्ञान मिळत नाही हे अनुभवाला आल्यावर त्यांनी तो मार्ग सोडला व अन्न ग्रहण केले. सोबतच्या पाच परिव्राजकांना ते पटले नाही. गौतम ढळला, सुखासीन झाला असे मानून ते निघून गेले. त्यानंतर, सर्वांनी सोडून दिल्यावर, बोधिवृक्षाखाली त्यांनी तो प्रसिद्ध निश्चय केला की, शरीर सुकून गेले तरी सम्बोधी मिळाल्याशिवाय हे आसन सोडणार नाही. हे दोन प्रसंग एकाच माणसाचे आहेत. पहिल्यात मार्ग सोडला, दुसऱ्यात ध्येय धरले. त्या पाच जणांना सहा वर्षांची तपश्चर्या हीच निष्ठा वाटत होती, म्हणून ती सोडणे त्यांना पराभव वाटला. पुढे सारनाथला पहिला उपदेश त्यांनाच झाला, हे आपण जाणतोच.

अंगुत्तर निकायातील सोण भिक्षूची गोष्टही याच प्रश्नाची आहे. सोण हा सुखात वाढलेला श्रीमंताचा मुलगा. भिक्षू झाल्यावर त्याने इतक्या नेटाने साधना केली की, चालून चालून पायांतून रक्त आले, पण फळ मिळेना. घरी परत जावे असे त्याच्या मनात येऊ लागले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला एवढेच विचारले की, तारा फार ताणल्या तर वीणा नीट वाजते काय, आणि फार सैल सोडल्या तर वाजते काय? भिवंडीकरांना वीणेचा दाखला देण्याचे कारण नाही. मागावर बीम चढवणाऱ्या कोणाही कारागिराला विचारावे. ताणा प्रमाणाबाहेर घट्ट असेल तर धागा तुटत राहतो, सैल असेल तर कापड बिघडते, आणि दोन्ही वेळा नुकसान विणणाऱ्याचेच होते. ज्या घरातला बाप बारा तास मागावर उभा असतो, त्या घरातल्या मुलाला ही गोष्ट एका वाक्यात समजते.

जिद्द आणि निष्ठा एकत्र आल्या म्हणजे काय होते, याचे सर्वांत जवळचे उदाहरण आपल्याला आपल्याच मुलखात सापडते. भिवंडीहून वसईच्या दिशेने गेले की पुढे नालासोपारा लागते. प्राचीन काळी ते शूर्पारक, पालीत सुप्पारक, या नावाचे मोठे बंदर होते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूपाचे उत्खनन केले. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांना सोपाऱ्यातच मिळाला. या सुप्पारकाचा एक व्यापारी बुद्धांचा शिष्य झाला. त्याचे नाव पुण्ण. तो सुनापरान्ताचा रहिवासी होता असे अट्ठकथा सांगते, आणि सुनापरान्त म्हणजे आपला अपरान्त, उत्तर कोकण, असे आपल्याकडील अभ्यासक मानतात.

मज्झिम निकायातील पुण्णोवाद सुत्तात त्याचा आणि तथागतांचा संवाद आहे. पुण्ण आपल्या प्रदेशात परत जाऊन राहू इच्छितो. तथागत त्याला विचारतात की, तेथील लोक उग्र आहेत, कठोर आहेत. त्यांनी तुला शिव्या दिल्या तर? पुण्ण उत्तर देतो की, हे लोक भले आहेत, ते हाताने मारत नाहीत, असे मी म्हणेन. हाताने मारले तर? ढेकळे फेकून मारत नाहीत, म्हणून ते भले. ढेकळांनी मारले तर? काठीने मारत नाहीत. काठीने मारले तर? शस्त्र चालवत नाहीत. अशी पायरीपायरीने चढत जाणारी प्रश्नोत्तरे थेट मृत्यूपर्यंत जातात आणि पुण्णाचे उत्तर कोठेही चढ्या आवाजाचे होत नाही. तथागत त्याला जाण्यास अनुमती देतात. त्याच वर्षावासात त्याने पाचशे उपासक आणि पाचशे उपासिका धम्मात आणल्या, असे सुत्तात म्हटले आहे.

या संवादात जिद्द आहे, यात शंका नाही. पण त्यात प्रतिपक्ष कोठे आहे? शिव्या देणारा, मारणारा तो माणूस पुण्णाचा प्रतिपक्ष नाहीच. ज्यांच्याकडे जायचे तेच लोक त्याच्या निष्ठेचा विषय आहेत. तो ज्याच्या विरुद्ध उभा आहे ते त्यांचे अज्ञान आणि त्याच्या स्वतःच्या मनात उठू शकणारा द्वेष. अरबीतल्या 'विरुद्ध' या भावाला याहून उंच अर्थ देणे कठीण आहे.

बाबासाहेबांच्या जीवनात हाच विवेक पावलोपावली आढळतो, पण भाषणांत तो वगळला जातो. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा सत्याग्रहासाठी हजारो लोक महाडला जमले, तेव्हा न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आलेला होता. जमलेला समुदाय तयारीत होता. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब ठेवण्याचे लोकांना पटवले आणि लढा न्यायालयात नेला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल लागला मार्च १९३७ मध्ये. तळ्यावर एका दिवसात मिळवता आले असते, असे अनेकांना त्या डिसेंबरात वाटले असेल. ते दहा वर्षांनी आणि कायमचे मिळाले.

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वर्षानुवर्षे चालवला, मार खाल्ला, तुरुंग भोगला. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात, धर्मांतराच्या घोषणेबरोबरच, मंदिरप्रवेशाचा तो लढा थांबवण्याचे ठरले. हट्टी माणसाला हे जमले नसते. पाच वर्षे ज्या दाराशी झगडलो ते दार आपल्याला नको, असे म्हणायला हट्टापेक्षा वेगळे काही लागते. येवल्याच्या घोषणेनंतर प्रत्यक्ष दीक्षा झाली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात. मध्ये एकवीस वर्षे गेली. या काळात धर्मांचा अभ्यास झाला, विचारविनिमय झाला, अनेकांची अनेक निमंत्रणे आली. निश्चय एका दिवसात जाहीर केला आणि त्याचा मार्ग निवडायला एकवीस वर्षे घेतली. अधिट्ठान या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्याने विचारला तर आम्ही या दोन तारखा सांगू.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहिणे आम्हाला आवश्यक वाटते. जिद्द हा शब्द जसा पाठीवरची थाप होतो, तसाच तो गालावरची चपराकही होतो. मुलगा नापास झाला की त्याच्यात जिद्द नाही असे म्हटले जाते, आणि मग घरात दिवा आहे काय, वही आहे काय, झोपायला जागा आहे काय, हे विचारण्याची कोणाला गरज उरत नाही. बाबासाहेबांनी अशा परिस्थितीत शिक्षण घेतले, मग तुला काय झाले, असा सवाल मुलांना घरोघर केला जातो. या सवालात अर्धेच चरित्र आहे.

उरलेले अर्धे असे आहे. १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. १९१६ मध्ये ते लंडनला शिकू लागले, पण १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. जिद्द तेव्हाही होती, पैसा नव्हता. त्यांची पुस्तके ज्या जहाजाने येत होती, ते महायुद्धात बुडाले. पुढे सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीच्या वेतनातून काटकसर करून, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भाथेना या पारशी मित्राचे कर्ज घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी. एस्सी. झाले. त्या काळात परळच्या बी. आय. टी. चाळीत रमाई संसार ओढत होत्या. पाच अपत्यांपैकी चार त्यांनी गमावली. त्यांच्याबद्दल बोलताना आपण 'सोशिकपणा' हा शब्द वापरतो आणि बाबासाहेबांबद्दल 'जिद्द'. जो जातो त्याची जिद्द आणि जी मागे राहून घर उभे ठेवते तिचे सोसणे, ही वाटणी आम्हाला न्याय्य वाटत नाही. शब्द दोघांसाठी एकच असावा.

आणि बाबासाहेबांनी स्वतः यातून काय घेतले? आपल्यासारखी जिद्द प्रत्येकाने दाखवावी, एवढे सांगून ते थांबले नाहीत. जुलै १९२४ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि लगोलग १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले गेले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय, १९५० मध्ये औरंगाबादचे महाविद्यालय, जे पुढे मिलिंद म्हणून ओळखले गेले. ज्याला शिकण्यासाठी अचाट जिद्द लागली, त्याने पुढच्या मुलांना तेवढी लागू नये याची व्यवस्था केली. सामान्य मुलाला सामान्य प्रयत्नांत शिकता यावे, हा वसतिगृहाचा अर्थ आहे. दोन वेळचे जेवण, रात्री दिव्याखाली जागा, अडलेले गणित विचारायला जवळ कोणी माणूस : यांतले काहीही जिद्दीने निर्माण होत नाही. ते कोणाच्या तरी दानाने, कोणाच्या तरी पगारातून, कोणी तरी सकाळी चारला उठून लावलेल्या चुलीने निर्माण होते. आपले निवासी विद्यालय याच परंपरेतले आहे.

असे म्हटल्यावर एक शंका येते. सर्व सोयी केल्या तर मुले आयती होणार नाहीत काय? पालक ती बोलून दाखवतात, आणि ती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु आमचा अनुभव असा की, उपाशी मुलाची शक्ती भुकेशी लढण्यात जाते आणि तेथेच संपते. पोट भरलेल्या मुलापुढे प्रतिपक्ष उरत नाही असे नाही. त्याच्यापुढचे प्रतिपक्ष बदलतात. इंग्रजीची भीती, गणिताचा कंटाळा, महाविद्यालयात आडनाव ऐकल्यावर बदलणारी नजर, आणि यंत्रमागावर लगेच मिळणाऱ्या मजुरीचे आकर्षण, हे त्याच्या वाटेत उभेच असतात. जिद्द तेथे लागते आणि ती तेथे खर्च व्हावी.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे आहे की, समारंभाला येऊन मुलांपुढे बोलाल तेव्हा आपल्या कष्टांच्या कथेत मदत करणाऱ्यांची नावेही घ्या : फी भरणारा काका, वह्या देणारी शिक्षिका, परीक्षेच्या महिन्यात कामाला न जुंपणारी आई. मुलांना तेही कळू द्या. पालकांनी घरी मुलाला जिद्द धरण्यास सांगताना ती कशाच्या विरुद्ध आणि कशासाठी, हे एका वाक्यात सांगून पाहावे. सांगता आले नाही तर तो बहुधा आपलाच हट्ट असतो. एखाद्या मुलाला विज्ञान शाखा झेपत नसेल आणि त्याने आयटीआयला किंवा वाणिज्य शाखेला जायचे म्हटले, तर त्याने ध्येय सोडले की मार्ग बदलला, हे निकाल लावण्यापूर्वी त्याच्याजवळ बसून विचारावे.

शिक्षकांसाठी प्रगतिपुस्तकातील शेऱ्याच्या रकान्याविषयी थोडे. 'जिद्द कमी पडते' हा शेरा सोपा आहे, तीन शब्दांत भरतो आणि त्यातून पालकाला काहीही कळत नाही. त्या जागी जे पाहिले ते लिहावे. उदाहरणार्थ, 'दिवाळीनंतर संध्याकाळच्या अभ्यासिकेत बसत नाही, अपूर्णांकांत अडला आहे, भेटीस यावे.' रकाना लहान असला तरी एवढे त्यात मावते.